सलीम अली आणि पाखरांची ओळख

मुंबईच्या खेतवाडीत अमिरुद्दीन तय्यबजी नावाचे एक सुखवस्तू गृहस्थ राहत असत. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. परंतु घर मात्र मुलांनी सदैव गजबजलेले असे. आईबापांवेगळी झालेली बहिणीची मुले त्यांनी व त्यांच्या पत्नी हमिदा बेगम यांनी मायेने आपल्या घरी आणली होती. या भावंडांतील सर्वांत धाकटा मुलगा म्हणजे सलीम. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. तो एक वर्षाचा असताना वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. आईबापांचे चेहरेही ज्याला आठवत नव्हते, अशा या मुलाला मामा-मामींनी काही उणे पडू दिले नाही.

मामांना शिकारीचा नाद होता. त्या काळी अनेक सधन घरांतून तो असे. त्यांनी भाच्याला छर्ऱ्याची एक लहानशी बंदूक आणून दिली. तेव्हा सलीमचे वय दहा वर्षांच्या आसपास असेल. घराच्या आवारातील चिमण्या टिपण्यात त्याचा दिवस जाऊ लागला. आपण मोठे झाल्यावर नामांकित शिकारी व्हावे, असे त्याचे स्वप्न होते. पुढे ज्याने अवघ्या देशाला पाखरे जपावयास शिकविले, त्याच्या आयुष्याचा आरंभ पाखरे मारण्यापासून झाला, ही गोष्ट झाकून ठेवण्याजोगी नाही. स्वतः सलीम अलींनीही ती कधी झाकली नाही.

एके दिवशी त्याच्या छर्ऱ्याने एक चिमणी खाली पडली. ती उचलून पाहता तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा एक पिवळा ठिपका त्याला दिसला. बाकी सर्व अंग घरातल्या चिमणीसारखेच, तेवढा ठिपका मात्र निराळा! घर धर्मनिष्ठ होते. असला अनोळखी पक्षी खाणे धर्माला मान्य आहे की नाही, अशी शंका त्या बालमनात आली. तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही तो ओळखता येईना. ‘ही चिमणीच, यात काय पाहावयाचे’ असे म्हणून त्यांनी मुलाला वाटेला लावले असते, तर कदाचित ही कथा येथेच संपली असती. परंतु त्यांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. संस्थेचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने त्यांनी एक चिठी लिहिली आणि मुलाला ती चिमणी घेऊन त्यांच्याकडे पाठविले.

ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली होती. पशू, पक्षी, कीटक, वनस्पती यांची पाहणी करावी, त्यांचे नमुने जमवावे आणि मिळालेली माहिती छापून प्रसिद्ध करावी, हे तिचे कार्य. कोटातील अपोलो स्ट्रीटवर एका व्यापारी पेढीच्या इमारतीत तिचे बिऱ्हाड होते. एवढ्या मोठ्या साहेबासमोर उभे राहण्याचा तो पहिलाच प्रसंग. मुलाची छाती धडधडत होती. मिलार्डसाहेबांनी मात्र त्याला प्रेमाने जवळ बोलावले, पुडीतील पक्षी पाहिला आणि त्याचे नाव तत्काळ सांगितले. ती पीतकंठी चिमणी होती. एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक ओढून दाखविले. त्या खणांत शेकडो पक्षी कापूस भरून ओळीने मांडून ठेवलेले होते आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठी बांधलेली होती. हिंदुस्थानात इतक्या तऱ्हांचे पक्षी आहेत आणि त्या प्रत्येकाला आपले वेगळे नाव आहे, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले. पुढे संस्थेचे क्यूरेटर नॉर्मन किनिअर यांच्याशी त्याचा परिचय झाला. पक्ष्याचे कातडे पिसांसह अलगद कसे सोडवावे, ते कसे टिकवावे आणि चिठीवर कोणत्या गोष्टी नोंदवाव्यात, हे सर्व तो तेथे शिकला.

पीतकंठी चिमणी ओळखण्यात एवढे अवघड ते काय, असे कोणास वाटेल. परंतु घरचिमणीची मादी व ही चिमणी यांत दुरून फारसा भेद दिसत नाही. दोघींचा रंग मातकट करडा. पीतकंठी चिमणीच्या पंखावर दोन पांढुरक्या रेघा असतात, नराच्या खांद्यावर तांबूस डाग असतो. गळ्यावरील पिवळा ठिपका तर पक्षी समोर तोंड करून बसला तरच दिसतो. त्यातून ही चिमणी घराच्या वळचणीपेक्षा झाडाच्या ढोलीत राहणे अधिक पसंत करते. म्हणजे नुसता रंग पाहून भागत नाही. पक्षी केवढा आहे, त्याची चोच कशी आहे, तो कोठे बसतो, कसा चालतो, कसा ओरडतो, हे सारे पाहावे लागते. एवढे पाहून झाले म्हणजे मग नावाचा प्रश्न येतो.

नावाची अडचण निराळीच आहे. गोंदिया शहराजवळील मुर्री या गावाचे उदाहरण घ्यावे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. येथे मराठी, हिंदी, पोवारी व गोंडी या भाषा शेजारी शेजारी नांदतात आणि पलीकडे मध्यप्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमा लागतात. भाताच्या बांधीत मान आखडून निश्चल उभा राहणारा एक मातकट बगळा सर्वांच्या परिचयाचा असतो. तो उडाला म्हणजे त्याचे पांढरेशुभ्र पंख एकाएकी दिसतात. मराठीत कोणी त्याला ढोकरी म्हणतात, तर कोणी वंचक. हिंदीत तो अंधा बगला होतो. कारण माणूस अगदी जवळ जाईपर्यंत तो जागचा हलत नाही. पक्षी एकच, नावे मात्र तीन, आणि मद्रासकडे वा बंगालात गेल्यास आणखी तितकीच! याच्या उलट एकच नाव दोन पक्ष्यांना दिले गेल्याचीही उदाहरणे आहेत. विजयादशमीला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या पक्ष्याला कोणी नीलपंख म्हणतात, कोणी चास म्हणतात, तर कोणी नीलकंठ. वास्तविक त्याचा कंठ निळा नसून तांबूस असतो. निळे असतात ते पंख. खरोखरच निळ्या गळ्याचा असा एक लहान पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येतो आणि त्यालाही नीलकंठ हेच नाव लाभलेले आहे. अशा स्थितीत मुर्रीच्या माणसाने नीलकंठ पाहिल्याचे मुंबईस लिहून कळविले, तर त्याने नेमका कोणता पक्षी पाहिला, हे मुंबईकरांनी कसे समजावे?

हा घोटाळा मिटविण्याचा उपाय कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने काढला. १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने सर्व प्राण्यांना दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. आपल्याकडे जसे आडनाव व नाव, तसेच काहीसे. फक्त येथे आडनाव आधी येते. घरचिमणी म्हणजे पासर डोमेस्टिकस. पीतकंठी चिमणीचे नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. यातील जिम्नोरिस म्हणजे उघड्या नाकपुडीची आणि झँथोकॉलिस म्हणजे पिवळ्या मानेची. ही नावे ग्रीक व लॅटिन भाषांतून घेतलेली किंवा त्यांच्या वळणाने बनविलेली असतात. ती कोणाच्याच मायबोलीतील नसल्यामुळे सर्वांना सारखीच परकी आणि म्हणून सर्वांना सारखीच आपली. टोकिओतील माणसाने वंचकाला आर्डिओला ग्रेयी म्हटले, तर ते मुर्रीतही कळते.

सलीमचे शालेय शिक्षण मात्र या ओढीबरोबर नीट चालले नाही. त्याला डोकेदुखीचा विकार जडला होता. शाळा मध्येच सोडून हवापालटासाठी त्याला सिंध प्रांतात नातलगांकडे राहावे लागले. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाला. त्यानंतर घरच्या व्यवसायाला हातभार लावण्यासाठी त्याची रवानगी ब्रह्मदेशातील तवाय येथे झाली. तेथे खाणीचा व इमारती लाकडाचा व्यापार होता. व्यापाराच्या वह्यांपेक्षा भोवतालच्या दाट रानातील पाखरांकडेच त्याचे अधिक लक्ष लागले. व्यापाराला पुढे बरकत आली नाही, यात आश्चर्य नाही. मध्यंतरी मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात हिशेब व व्यापारी कायदा यांचा अभ्यास केला. त्यांचा खरा ओढा सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी ओळखला. त्यांच्या आग्रहामुळे सलीम अली त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसू लागले. परंतु विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच मिळविली नाही. याच सुमारास, १९१८ साली, तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नाही, ही उणीव त्यांना फार जाचली. भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा रिकामी होती. ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांस लाभली. काचेमागे भरून ठेवलेले पक्षी रोज तेच आणि त्यांची माहितीही रोज तीच. दोन वर्षांत त्यांचे मन त्या कामाला विटले. शास्त्र मुळापासून शिकावे म्हणून रजा काढून ते १९२८ साली जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान हे त्या काळचे थोर पक्षिशास्त्रज्ञ काम करीत होते. पदवीची चौकशी न करता त्यांनी या हिंदी विद्यार्थ्याला जवळ केले. सलीम अलींनी आयुष्यभर ज्यांना आपले गुरू मानले, ते हेच. नमुन्यांची बारकाईने तुलना कशी करावी, हे ते येथे शिकले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवून त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेण्याचे काम चाले, तेही त्यांनी पाहिले.

१९३० साली विद्या संपादून ते मायदेशी परतले. परंतु पैशाच्या टंचाईमुळे त्यांची म्युझियममधील जागाच काढून टाकण्यात आली होती. बर्लिनमध्ये शिकून आलेला हा मनुष्य बेकार झाला. मुंबईतील खर्च झेपेना. तेव्हा पतिपत्नी अलिबागजवळ किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिली.

किहीमला त्यांच्या बिऱ्हाडाजवळच सुगरण पक्ष्यांनी घरट्यांची वसाहत मांडली होती. पावसाळा तोंडावर आला होता. सलीम अलींनी पक्ष्यांना संशय येणार नाही अशा बेताने जवळच आपली जागा केली आणि ते रोज तासन्तास पाहत बसले. आपल्याकडे या पक्ष्याला सुगरण असे स्त्रीलिंगी नाव आहे. असे सुबक घरटे विणणारी ती कोणी संसारदक्ष माउलीच असली पाहिजे, असा लोकांचा समज. प्रत्यक्षात विणकाम करतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याच्या माथ्यावर व छातीवर पिवळा रंग चढतो. गवताच्या व पात्यांच्या लांब चिरफाळ्या काढून तो घरटे अर्धे बांधतो. टोपासारखे दिसणारे हे अर्धवट घरटे पाहावयास माद्या येतात, आत शिरून त्याची पारख करतात आणि पसंत पडले तरच राहतात. मादीची पसंती मिळाली की नर घरटे पुरे करतो, त्याला लांब नळीसारखे दार लावतो. मादी अंडी घालून उबवावयास बसली की हा गृहस्थ त्याच झाडावर दुसरे घरटे आरंभतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो! या पक्ष्याचा संसार असा टप्प्याटप्प्याने चालतो, ही गोष्ट त्यापूर्वी कोणी नीट टिपलेली नव्हती. या निरीक्षणांवरील त्यांचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्राच्या जगात त्यांचे नाव झाले.

सुगरणीचे शास्त्रीय नाव प्लोसियस फिलिपिनस असे आहे. त्यावरून हा पक्षी फिलिपाइन्स बेटांतील असावा असे वाटते. परंतु तेथे तो मुळी नाहीच. लिनिअसच्या काळी नमुना कोठून आला याची खबर चुकीची मिळाली आणि नाव पडून गेले. आधी दिलेले नाव शक्यतो बदलू नये, असा शास्त्रज्ञांचा दंडक असल्यामुळे ते आजही तसेच चालते. म्हणजे मराठी नावाने नर कोण व मादी कोण याविषयी फसविले आणि लॅटिन नावाने देशाविषयी. पक्षी ओळखण्यासाठी नाव हवेच. पण पक्षी कळण्यासाठी सलीम अलींना किहीमच्या झाडापाशी पावसाळाभर बसावे लागले. तेच सुगरण पक्षी मुर्रीच्या शिवारातील शिंदीच्या झाडांवरही घरटी टांगतात आणि त्यांचा संसारही याच रीतीने चालतो.

पोटापाण्याचा प्रश्न तरीही उरलाच होता. त्यावर त्यांनी एक विलक्षण तोड काढली. त्या वेळी देशात अनेक संस्थाने होती आणि त्यांच्या मुलखातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. संस्थानाने तळाचा व प्रवासाचा खर्च सोसावा, आपण वेतन न घेता पाहणी करून देऊ, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. आजचा मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. त्यानंतर त्रावणकोर व कोचीन, मध्य भारतातील संस्थाने, आणि स्वातंत्र्यानंतर बस्तर, अशी त्यांची भ्रमंती वर्षानुवर्षे चालू राहिली. बैलगाडी, उंट, घोडा, मोटार, जे मिळेल ते वाहन. तंबूत मुक्काम. पहाटे उठून रानात जावे, दुपारी नमुने तयार करावे, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहावी, असा क्रम. तेहमिनाबाई सुखवस्तू घरात वाढलेल्या असूनही या रानवासात आनंदाने सहभागी होत आणि तळाची सर्व व्यवस्था पाहत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अकाली अंत झाला. हा आघात सलीम अलींना फार जड गेला. पुढे बहीण व मेहुणे यांच्या घरी ते राहिले आणि कामात बुडून गेले.

या पाहण्यांत पक्षी मारून त्यांचे नमुने घ्यावे लागत. सलीम अलींना जीवहत्येची हौस उरलेली नव्हती. तथापि त्या काळच्या साधनांनी दोन सारख्या दिसणाऱ्या जातींतील भेद निश्चित करण्यास दुसरा मार्ग नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. गरजेपुरता नमुना घ्यावा आणि त्यापासून मिळेल तेवढे ज्ञान घ्यावे, हा त्यांचा नियम. म्हणूनच नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठीला ते फार जपत. स्थळ, दिनांक, नर की मादी, हे तिच्यावर बिनचूक असले पाहिजे. चिठी खोटी ठरली, तर पक्ष्याचे मरणही फुकट जाते.

याची प्रचिती देणारी एक हकीगत आहे. १८७२ साली आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याला एक लहान घुबड मिळाले. दुसऱ्याच वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी ब्लेविटच्या नावावरून त्याचे नामकरण केले. मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतात. गावोगाव दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याशी त्याचे साम्य आहे. परंतु त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि पाय भरभक्कम आहेत. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने मिळाले आणि मग तो जणू नाहीसाच झाला. सलीम अलींनाही तो कधी आढळला नाही. शोध घेणाऱ्यांच्या हाताशी १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता. तो गुजरातेतील मांडवीजवळ आपण मिळविला, असे रिचर्ड माइनरट्झहॅगन या इंग्रज कर्नलच्या चिठीवर लिहिलेले होते. याच कर्नलबरोबर सलीम अली १९३७ साली अफगाणिस्तानच्या सफरीवर गेले होते. कर्नलच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी उघड झाले, की त्याने इतरांनी जमविलेले नमुने संग्रहालयांतून चोरून त्यांना आपल्या हाताने खोट्या चिठ्या बांधल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळाही त्यांतलाच. ती खोटी चिठी बाजूला सारून शोधकांनी जुन्या खऱ्या स्थळांवर लक्ष दिले, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत दिसला. मेळघाटातही तो आहे हे पुढे कळले. सलीम अली तो दिवस पाहण्यास हयात नव्हते.

एवढे ज्ञान संग्रहालयाच्या खणांत आणि शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत पडून राहावे, हे सलीम अलींना पटणारे नव्हते. सर्वसामान्य माणसाला आपल्या दारातला पक्षी ओळखता यावा, म्हणून त्यांनी ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे पुस्तक लिहिले. ते १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्याची रचना पाहिली म्हणजे लेखकाला वाचकाची अडचण किती नेमकी ठाऊक होती, ते कळते. अनोळखी पक्षी दिसला तर त्याची इंचांतील लांबी कोण मोजणार? म्हणून त्यांनी माहीत असलेल्या पक्ष्यांचेच माप केले. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. आणि त्याहून थोडा लहान वा थोडा मोठा. रंगीत चित्र, ओळखण्याच्या खुणा, वसतिस्थान, आवाज, घरटे, अंडी, यांचे मोजक्या शब्दांत वर्णन. शास्त्रीय नाव तर प्रत्येक पक्ष्याला दिलेलेच. शिवाय देशी भाषांतील नावेही त्यांनी खपून गोळा करून दिली. मीरशिकार व पारधी यांच्यापाशी पक्ष्यांचे जे ज्ञान आहे, ते पुष्कळदा पुस्तकी विद्वानांपाशी नसते, हे ते जाणून होते. पंडित नेहरूंनी तुरुंगातून आपल्या कन्येला हे पुस्तक पाठविले आणि त्यामुळे इंदिरा गांधींना पाखरांची गोडी लागली.

यानंतरचे मोठे काम म्हणजे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने लिहिलेला भारत व पाकिस्तान यांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ. १९६८ पासून १९७४ पर्यंत हे खंड प्रसिद्ध होत राहिले. शेवटचा खंड निघाला तेव्हा सलीम अलींनी वयाची सत्तरी केव्हाच ओलांडली होती.

मधल्या काळात सोसायटीवरही कठीण प्रसंग आला. स्वातंत्र्यानंतर बरेच इंग्रज सभासद मायदेशी निघून गेले आणि संस्थेची तिजोरी रिती झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळविली व संस्था सावरली. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे सरोवर पूर्वी राजेरजवाड्यांच्या शिकारीचे ठिकाण होते. ते पाखरांसाठी राखून ठेवावे म्हणून ते झटले. तेथे पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम संस्थेने अनेक वर्षे चालविले. ज्या पद्धतीचा पहिला धडा त्यांनी हेल्गोलँडला घेतला होता, तिच्याच आधारे आपल्याकडील हिवाळी पाहुणे कोणकोणत्या दूरदेशांहून येतात, हे कळत गेले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये, म्हणून झालेल्या प्रयत्नांतही त्यांचा शब्द वजनदार ठरला.

ज्यांना पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ विद्यापीठाने १९५८ साली सन्मानपूर्वक डॉक्टर ही पदवी दिली. त्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९७६ मध्ये मिळालेल्या पॉल गेटी पारितोषिकाची पन्नास हजार डॉलरची रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. १९८५ साली ते राज्यसभेचे सभासद झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्रही निघाले. त्याच्या नावात त्यांनी त्या बालपणीच्या चिमणीला आवर्जून स्थान दिले. २० जून १९८७ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिवस. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या रानात वनाधिकारी म्हणून वावरलेल्या चितमपल्लींनी पक्ष्यांची मराठी व लोकभाषांतील नावे आयुष्यभर जमविली. त्याच जिल्ह्याच्या भातशेतीत आज महाराष्ट्रातील सारस पक्ष्यांची मुख्य वस्ती टिकून आहे. सारसाला लिनिअसने १७५८ सालीच नाव दिले होते. परंतु वंशाचे नाव पुढे बदलत गेले. जुन्या पुस्तकांत तो ग्रस अँटिगोने म्हणून आढळतो, नव्या पुस्तकांत अँटिगोने अँटिगोने म्हणून. पीतकंठी चिमणीलाही मध्यंतरी पेट्रोनिया या वंशात घातले होते. आता ती पुन्हा जिम्नोरिस झाली आहे. ज्ञान वाढले की पक्ष्याचे कूळ नव्याने ठरवावे लागते, आणि म्हणून जुने पुस्तक वाचताना दोन्ही नावे ठाऊक असणे बरे.

सलीम अलींचे स्वतःचे नावही या लॅटिन नावांच्या यादीत जाऊन बसले आहे. १९४८ साली दक्षिणेतील डोंगरांत अँगस हटन यांना एक फळे खाणारे वटवाघूळ मिळाले. नेहमीच्याच जातीचे समजून त्याला तशी चिठी बांधली गेली आणि ते सोसायटीच्या खणात वीसपेक्षा अधिक वर्षे पडून राहिले. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी ते नीट न्याहाळले, तेव्हा ती नेहमीची जात नसून जगाला अपरिचित अशी जात असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. १९७२ साली त्यांनी तिला लॅटिडेन्स सलीमअली असे नाव दिले. पुढे २०१६ साली पूर्व हिमालयातील कस्तुर पक्ष्यांविषयी असाच उलगडा झाला. एकाच जातीचे समजले जाणारे हे पक्षी दोन निरनिराळ्या ठिकाणी राहतात. वृक्षरेषेच्या वर उघड्या खडकाळ उतारावर राहणाऱ्यांचे गाणे कर्कश, तर खालच्या दाट जंगलातल्यांचे गोड, हे अभ्यासकांच्या कानांनी आधी टिपले. मग संग्रहालयांतील जुने नमुने काढून त्यांच्याशी पडताळा घेण्यात आला. जंगलातील गोड गळ्याच्या त्या कस्तुराचे शास्त्रीय नाव आता झूथेरा सलीमअली असे आहे.